भरलेल्या गाडीला आधी वाट

पप्पा,

गाडीच्या मागच्या काचेवरचा लाल L अजून तिथेच आहे. नेल्सन मस्कतहून आला तेव्हा अंगणात बॅग ठेवतानाच त्याला तो दिसला. "लायसन्स मिळून आठ महिने झाले ना तुला?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "पप्पांनी वर्षभर काढायचा नाही असं सांगितलंय." त्याने एकदा काचेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि आत गेला. आत तुम्ही नव्हता. तुम्हाला दवाखान्याच्या शवागारात ठेवलं होतं, मुलगा येईपर्यंत.

आज नऊ दिवस झाले. चर्चमध्ये सातव्या दिवसाची मिस्सा झाली, माणसं येऊन गेली, शेजाऱ्यांची पातेली घासून परत केली. आता या घरात मम्मी, तुमचा मुलगा आणि मी, तुमची सून, अशी तीन माणसं एकमेकांना चहा विचारत फिरतो आहोत. गाडी चालवताना मी तुमच्याशी वाद घालायला लागले की तुम्ही म्हणायचात, "सुवर्णा, भांडायचं ते गाडी उभी करून भांड." गाडी अंगणात उभी आहे. हँडब्रेक ओढलेला आहे. तेव्हा आता मी बोलते, आणि तुम्ही ऐका.

तुम्ही मला गाडी शिकवायला घेतलीत तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. माझी बदली चंदनसारच्या शाळेत झाली होती आणि गिरीजहून तिथे पोचायला मला तीन वाहनं बदलावी लागत. नेल्सन बाहेरदेशी. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू. एका रविवारी चर्चहून आल्यावर जेवताना तुम्ही गाडीची किल्ली माझ्या ताटाशेजारी ठेवलीत. "समोरचा दिवा मला फुटल्यासारखा दिसतो. मी आता चालवणार नाही. तू शिक." पस्तीसएक वर्षं केळी आणि भाजीचा टेम्पो मुंबईच्या बाजारात नेणारा माणूस इतक्या सहज किल्ली सोडतो हे मला खरं वाटेना. मी म्हटलं, "पप्पा, मला धड सायकल येत नाही." तुम्ही आमटी वाढून घेत म्हणालात, "बरं झालं. वाईट सवयी नसतील."

मी संगमनेरची. लग्न होऊन आले तेव्हा तुमची घरची बोली मला अर्धीही कळत नसे. म्हणून तुम्ही माझ्याशी पहिल्या दिवसापासून पुस्तकातली मराठी बोललात, अगदी फादरांशी बोलावं तशी. घरची बोली होती ती मम्मीसाठी, कोंबड्यांसाठी आणि गाडीसाठी. गाडी सुरू झाली नाही की तुम्ही तिला जे काही म्हणायचात ते मी अजून कुणाकडून समजून घेतलेलं नाही. मम्मी सांगतच नाहीत.

ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने मला पंधरा दिवसांत शिकवून टेस्टला उभं केलं आणि मी पास झाले. शाळेत पेढे वाटले. लायसन्सचं कार्ड पोस्टाने आलं त्या संध्याकाळी तुम्ही ते चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचलंत, मला परत दिलंत आणि म्हणालात, "चला, आता शिकायला सुरुवात करू." मला राग आला होता, पप्पा. मुलांचे पेपर तपासणारी बाई मी, माझ्याच पेपरावर कुणी पुन्हा लाल पेन चालवणार म्हटल्यावर कसं चालेल? दुसऱ्या दिवशी मी काचेवरचा L नखाने सोलून काढला. तिसऱ्या दिवशी तिथे नवा होता. आपण दोघांनी त्यावर चकार शब्द काढला नाही. असं तीन वेळा झालं. चौथ्या वेळी तुम्ही म्हणालात, "वर्षभर काढायचा नाही," आणि मी हरले.

लायसन्स आल्यानंतरच्या पहिल्या धड्यात तर तुम्ही मला गाडी सुरूच करू दिली नाहीत. आधी गाडीभोवती एक फेरी. चारही चाकं बघायची, वाकून खाली बघायचं. खाली मम्मींची तांबडी कोंबडी बसली होती. "खाली कोण झोपलंय ते गाडीला कळत नाही," तुम्ही म्हणालात. त्यानंतर फेरी मारल्याशिवाय मी कधी किल्ली फिरवली नाही. शाळेतल्या बाया हसायच्या, देवळाला प्रदक्षिणा घालतेस का म्हणायच्या. मी दार डाव्या हाताने उघडते यालाही हसायच्या. डावा हात उजवीकडच्या दाराला न्यायचा तर अंग वळतं, मान वळते, आणि मागून येणारा सायकलवाला दिसतो, एवढं त्यांना समजावून सांगायचा मला कंटाळा यायचा. आता त्यातल्या दोघीजणी तशाच उघडतात.

पुढच्या गाडीपासून किती लांब राहायचं हे स्कूलवाल्याने मला मीटरमध्ये सांगितलं होतं. तुम्ही टोपल्यांत सांगितलंत. पुढची गाडी विजेच्या खांबापाशी गेली की मोजायला लागायचं, एक टोपली, दोन टोपल्या, तीन टोपल्या. तिसरी टोपली व्हायच्या आधी आपण खांबापाशी पोचलो तर आपण फार जवळ आहोत. पावसात पाच टोपल्या. फोन मागच्या सीटवर पर्समध्ये, पर्सची चेन लावलेली. मागचा हॉर्न वाजवत अंगावर आला तरी आपला वेग वाढवायचा नाही. "त्याची घाई त्याच्या गाडीत आहे," तुम्ही म्हणायचात, "आपल्या गाडीत कशाला घ्यायची?" चंदनसारच्या रस्त्यावर ट्रक मागे लागला की मी हे वाक्य आजही मोठ्याने म्हणते.

एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. शिकवताना तुमचे दोन्ही तळवे गुडघ्यांवर असायचे. मी कितीही चुकले तरी तुम्ही हँडब्रेकला हात घातला नाहीत, देवाचं नाव घेतलं नाहीत, श्वासही ओढून घेतला नाहीत. फक्त बोटं गुडघ्यावर आवळली जायची. मी रस्ता बघता बघता कडेने तुमची बोटं बघायची. ती सैल असली की मला वाटायचं, जमतंय. माझ्या वडिलांनीही माझ्यावर असा विश्वास कधी टाकला नव्हता. हे मी तुमच्या वाढदिवसाला बोलणार होते. मग वाटलं, सासऱ्यांना असं कसं बोलायचं, आणि मी केक कापून मोकळी झाले.

एकदाच ओरडलात. आपल्या गल्लीतून बाहेर पडताना वळणावर जुना क्रूस आहे. लहानपणापासूनची सवय, क्रूस दिसला की हात कपाळाकडे जातो. मी लायसन्सच्या पहिल्याच आठवड्यात स्टिअरिंगवरून उजवा हात उचलला आणि क्रुसाची खूण करायला गेले. वळण होतं. एका हातातलं स्टिअरिंग सरकलं आणि गाडी केळीच्या वाडीच्या दगडी कुंपणाला घासत गेली. डाव्या आरशाचं झाकण तुटून चिखलात पडलं. कुंपणाच्या पुढे चार पावलांवर एक बाई डोक्यावर पालेभाजीचा भारा घेऊन चालली होती. तेव्हा तुम्ही घरच्या बोलीत ओरडलात, गाडीला ओरडायचात तसे. बाई निघून गेली आणि मग तुम्ही परत पुस्तकी मराठीवर आलात. "आपल्या लोकांची ही चूक आहे, सुवर्णा. मी टेम्पोवर नवा होतो तेव्हा हेच करून दोनदा कुंपणाला ठोकलीये. चालवणाऱ्याने मनात म्हणायचं. हात बाजूला बसलेल्याने करायचा, दोघांसाठी."

तेव्हापासून तसंच ठरलं. मी दोन्ही हातांनी वळण घ्यायची आणि तुम्ही दोघांसाठी खूण करायचात. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा, सावकाश. आणि हात पुन्हा गुडघ्यावर.

आता त्या नियमावर येते. मघापासून त्याच्याभोवतीच फिरते आहे.

आपल्या गल्लीत दोन्ही बाजूंना वाड्यांची कुंपणं आणि समोरासमोर आलेल्या दोन गाड्या निघतील अशा जागा तीनच. गावात रीत आहे की भरलेली गाडी आणि रिकामी गाडी समोरासमोर आली तर रिकामीने मागे जायचं. मला हे अजिबात पटत नव्हतं. शाळेला उशीर होत असायचा आणि समोर केळीच्या घडांनी भरलेला टेम्पो यायचा. मी म्हणायची, "पप्पा, तो दहा पावलं मागे गेला तर काय बिघडतं? मला शंभर जावं लागतं." तुम्ही सांगायचात की घड भरले की मागचं काही दिसत नाही, माल सरकतो, घड एकमेकांवर आपटून डागतात, आणि कुंपणाला माणूस टेकलेला असला तर त्याला कळतसुद्धा नाही. "तुला मागचं दिसतं. ज्याला दिसतं त्याने मागे जावं." मग तुम्ही मला तीन आठवडे फक्त रिव्हर्स शिकवलात. सबंध गल्ली उलटी. उजवा आरसा, डावा आरसा, मान वळवून मागची काच, पुन्हा डावा आरसा. कोपऱ्यावरच्या घरातल्या आजी ओट्यावर खुर्ची टाकून बघायला बसायच्या.

एका दुपारी ओट्यावर चहा पिताना मी तुम्हाला कोंडीत पकडलं. "आणि समजा आपल्या गाडीत पेशंट असला तर? तेव्हाही मागे जायचं?" मला वाटलं होतं तुम्ही लगेच काहीतरी ठोकून द्याल. तुम्ही कप खाली ठेवलात. विचार केलात. तोंड उघडलंत, आणि तेवढ्यात मम्मी आतून ओरडल्या, "मोटार बंद करा, टाकी वाहून चाललीय." तुम्ही उठलात. जाता जाता म्हणालात, "नंतर सांगतो."

ते नंतर आलंच नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. तुमच्याकडे उत्तर नाही, मी जिंकले, असं मला वाटत होतं.

त्या शनिवारी माझी शाळा सकाळची होती. मी दुपारी घरी येऊन कुकर लावत होते. तुम्ही वाडीतून आलात आणि पायरीवरच बसलात. शर्ट भिजलेला. मम्मींनी पाण्याचा तांब्या दिला तर तुम्ही तो डाव्या हातात धरू शकला नाहीत. अँब्युलन्सला फोन केला, तिकडून अर्धा तास म्हणाले. मम्मी म्हणाल्या, "तू काढ गाडी."

मी धावत जाऊन दार उघडलं, तर तुम्ही गाडीशी येऊन उभेच राहिलात. आत बसेनात. "फेरी?" म्हणालात. मम्मी पदर खोचून गाडीभोवती पळत एक चक्कर मारून आल्या आणि म्हणाल्या, "काय नाय खाली, काय नाय. बसा आता." मग तुम्ही बसलात. मागे आडवे व्हा म्हटलं तर नाही. पुढे, तुमच्या जागेवर. पट्टा तुम्ही स्वतः ओढून घेतलात, मी फक्त खटका लावला.

गल्लीच्या मध्यावर आलो आणि समोरून गावातल्या अशोकचा केळीचा टेम्पो आला. वरपर्यंत घड.

पप्पा, मी विचार केला नाही. केला असता तर कदाचित हॉर्नवर हात ठेवला असता, डोकं बाहेर काढून ओरडले असते. माझा हात आपोआप रिव्हर्सवर गेला. तीन आठवड्यांची तुमची शिकवणी होती ती. मागच्या सीटवर मम्मी रोझरीचे मणी ओढत होत्या. मी मान वळवली आणि त्यांच्या डोक्यावरून मागची काच बघत मागे जायला लागले. आणि तुम्ही बोललात. आवाज खोल गेला होता, पण शब्द कळला. "आरसा." मी डावा आरसा बघितला. मोकळ्या जागेत गाडी घातली. अशोक पुढे निघाला, त्याने हसून हात वर केला. मीही हात वर केला. घाबरलेल्या माणसाचा हातही सवयीने वर जातो हे मला त्या दिवशी कळलं.

तीन मिनिटं गेली असतील. जास्त नाही. कमीही नाही.

क्रुसाच्या वळणावर माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. तुमचा हात गुडघ्यावरून उठलेला मी कडेने पाहिला. कपाळ. छाती. डावा खांदा. तिथून तो खाली आला.

पुढे गावच्या शाळेच्या फाटकाशी मी वीसवर आले, तुम्ही शिकवलं होतं तसं. शनिवारची दुपार. शाळा कधीच सुटली होती आणि फाटकाला कुलूप होतं. एकही मूल आडवं आलं नाही. पूर्ण रस्त्यात कुणी आडवं आलं नाही. मी दुप्पट वेगाने गेले असते तरी काही झालं नसतं, हे मला आता माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं.

दवाखान्यात तुम्हाला स्ट्रेचरवर घेतलं. अर्ध्या तासाने डॉक्टर बाहेर आले. मम्मी भिंतीला धरून खाली बसल्या. मी डॉक्टरांना विचारलं, "तीन मिनिटं आधी आलो असतो तर?" तरुण होते. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "ताई, सांगता येत नाही." त्यांनी काहीतरी एक बाजू घेतली असती तर बरं झालं असतं.

नेल्सनला फोनवर मीच सांगितलं. मग त्याने विचारलं, किती वेळ लागला. मी सगळं सांगितलं, टेम्पोसुद्धा. लपवायचं सुचलं नाही. "तू टेम्पोसाठी मागे गेलीस?" तो म्हणाला. नुसता प्रश्न होता. त्यात राग नव्हता, हे मी स्वतःला नऊ दिवस समजावते आहे. नंतर त्याने तो विषय काढला नाही. दफनाच्या वेळी माझ्या शेजारी उभा राहिला, माती टाकली, लोकांना नमस्कार केला. रात्री जेवताना मला भाजी वाढली. पण माझ्याकडे बघून नाही.

अशोक मातीला आला होता. कोपऱ्यात उभा होता, हातात टोपी. सगळे गेल्यावर माझ्याजवळ आला. "वैनी, मला नव्हतं माहीत काकांना असं झालंय. तुम्ही नुसता हात दाखवला असता तरी मी गाडी सरळ कुंपणात घातली असती." मी म्हटलं, "तुमची गाडी भरलेली होती." तो म्हणाला, "काकांनीच शिकवलं मला चालवायला. याच गल्लीत." आणि रडायला लागला. चांगला बाप्या माणूस, मोठी मुलं असलेला. मी त्याला म्हटलं, "तुमची चूक नाही." तो गेल्यावर मला वाटलं, हेच मला कुणीतरी सांगावं म्हणून मी थांबले आहे.

पप्पा, आपली गाडी रिकामी नव्हती. हेच मला तुम्हाला विचारायचंय. तिच्यात तुम्ही होता. केळीचे घड डागतील म्हणून मी तुम्हाला मागे नेलं का? तुम्ही "आरसा" म्हणालात ते बरोबर करते आहेस म्हणून, की दुखण्यातही शिकवायची सवय सुटली नाही म्हणून? तुम्ही "थांबू नको" म्हणू शकला असता. किंवा तुमच्यात तेवढे शब्दच उरले नव्हते आणि एकच निघाला. मी रोज वेगळं उत्तर काढते. एकही टिकत नाही.

परवा जेवताना मी मम्मींना विचारलंच, नेल्सन समोर असताना. त्या पानातला भात चिवडत होत्या. म्हणाल्या, "ह्याच्या वेळी माझ्या पोटात कळा येत होत्या. टेम्पोत बसवून नेलं मला. आणि तो माणूस पुढच्या गाडीमागे टोपल्या मोजत होता. एक टोपली, दोन टोपल्या. मी शिव्या घातल्या त्याला." नेल्सनने मान वर केली. मी विचारलं, "तेव्हा समोरून भरलेली गाडी आली होती का?" मम्मी म्हणाल्या, "मला काय माहीत, बाय. मी डोळे मिटले होते." आणि हसल्या, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि हसता हसता पदर तोंडाला लावला. नेल्सन उठून हात धुवायला गेला. नळ बराच वेळ चालू होता.

आज दुपारी दवाखान्यात तुमचे कागद आणायला जायचं होतं. तुमचा चष्माही तिथेच राहिला होता. किल्ली खुंटीवरून नेल्सनने काढली. मला वाटलं तोच चालवणार, त्याच्याकडे तिकडचं आणि इकडचं दोन्ही लायसन्स आहे. त्याने किल्ली माझ्यापुढे धरली. "तू चालव. त्याच रस्त्याने."

मी फेरी मारली. वाकून खाली पाहिलं. नेल्सन तुमच्या जागेवर बसला, पट्टा लावला. त्याचा उजवा हात गुडघ्यावर होता, तुमच्यासारखाच. मी तिकडे बघायचं टाळलं.

गल्लीच्या मध्यावर समोरून टेम्पो आला. अशोकचाच. या वेळेला तो रोज येतो, त्यात नवल नाही. वरपर्यंत घड होते. त्याने आमची गाडी ओळखली आणि थांबला. आणि मग, पप्पा, तो मागे जायला लागला. भरलेला टेम्पो. घड हलत होते, ताडपत्रीची दोरी ताणली होती, त्याने मान बाहेर काढली होती तरी त्याला मागचं काही दिसत नव्हतं. मागे कुंपणाला लागून दोन बाया भाजी घेऊन चालल्या होत्या.

मी हॉर्न दिला. लांब. तुम्ही मला गल्लीत कधी देऊ दिला नाहीत तसा. अशोक थांबला. मी खिडकीतून हात बाहेर काढून त्याला पुढे ये म्हणून खूण केली. त्याने मान हलवली, नाही. मी पुन्हा खूण केली. त्या दिवशी मी चुकले की नाही ते मला आजही ठाऊक नाही. पण आज आमची गाडी खरंच रिकामी होती. आज घाईचं काही उरलं नव्हतं.

मी रिव्हर्स टाकला. आरशात काही दिसेना, डोळे भरले होते. शंभर पावलं तशी जायची म्हणजे कुंपणाला घासणार. तुमची बोटं कुठे आहेत म्हणून मी कडेने बघायला गेले, आणि नेल्सन पट्टा सैल करून अख्खा मागे वळला होता. मागच्या काचेतून बघत होता. "ये," तो म्हणाला. "मोकळं आहे. ये. डावा आरसा बघ. ये, सुवर्णा, मी बघतोय मागे."

मी गेले. मोकळ्या जागेत गाडी लागली. अशोक पुढून निघाला, त्याने हात वर केला नाही, फक्त डोकं लववलं. धूळ बसेपर्यंत आम्ही थांबलो. "इथेच?" नेल्सनने विचारलं. मी म्हटलं, "इथेच." तो समोर बघत राहिला. मग म्हणाला, "मीपण मागे गेलो असतो बहुतेक. पप्पांनीच शिकवलंय ना मला." एवढंच. डोळे त्याने हाताच्या मागच्या बाजूने पुसले आणि पट्टा पुन्हा घट्ट केला.

तुमचं नंतर आता येणार नाही, पप्पा. मी त्याच्यासाठी अजून रडेन, आणि भांडेनही. नेल्सनने काढ म्हटलं तरी आणखी चार महिने L ठेवेन, मग मीच काढेन, नखाने.

मी गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली. पुढे वळण आलं. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, मी मनात म्हणायला सुरुवात केली. बाजूला नेल्सनचा हात गुडघ्यावरून उठला. मी वळणावरून नजर काढली नाही, तरी मला कळलं. कपाळ. छाती. डावा खांदा.

उजवा खांदा.